आईचे कान आणि माझी मिशी

आई पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं निवडायला जायची. सकाळी पंचवटीतून जीपने निघायची आणि संध्याकाळी सगळ्या बायकांच्या घरच्या बातम्या घेऊन यायची. तिथल्या मोठ्या पंख्यांच्या घरघरीत हिला एवढं ऐकू कसं येतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मला प्रश्न उशिराच पडतात.

मग माल परदेशी जायला लागला आणि बायकांच्या तोंडावर मास्क आले. थोड्याच दिवसांत सुपरवायझरने मला बोलावून घेतलं. "मावशी लय चांगल्या हायेत, पण काही सांगितलं तर नुसत्या बघत राहतात. पुढच्या सीझनला जमणार नाय."

घरी हे सांगितल्यावर आई जेवली नाही. मला तर बसवेना. मी घरातच तिची परीक्षा घेतली. तोंडासमोर पेपर धरून बोललो. तिला जेमतेम कळलं. टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या दाखवल्या; तेही जेमतेम. जेमतेम अधिक जेमतेम म्हणजे फार तर निम्मं, असा हिशेब करून मी जाहीर केलं, "आई, आता घरी बस."

"आधी तुम्ही बसा एका जागी," बायको म्हणाली. मी गॅलरी ते स्वयंपाकघर येरझाऱ्या घालत होतो. "आणि त्यांना नीट तपासून आणा."

कान तपासणाऱ्या मॅडमनी कागदाआड तोंड धरून शब्द म्हटले, मग आवाज न काढता नुसते ओठ हलवले. दोन्हींत आई नापास. मी इतका चुळबुळत होतो की मॅडम म्हणाल्या, "परीक्षा काकूंची आहे ना?" मग कागद बाजूला ठेवून त्या समोरासमोर, नेहमीच्या आवाजात बोलल्या. आईने धडाधड जवळजवळ सगळे शब्द सांगितले.

"हे कसं काय?"

"याची बेरीज होत नाही हो. पोट आणि बोट ओठांवर सारखेच दिसतात, तिथे कान फरक सांगतो. पान आणि कान त्यांना सारखेच ऐकू येतात, तिथे मिटलेले ओठ सांगतात. यंत्र लावलं की आणखी सोपं जाईल. पण ओठ दिसायला हवेत."

म्हणजे पुन्हा मास्क! माझा जीव परत खालीवर. कानाला यंत्र लावून आम्ही पॅकहाउसवर गेलो. मी भाषण तयार करून नेलं होतं. आईने ते होऊच दिलं नाही; तीच सुपरवायझरला म्हणाली,

"दादा, मला आत नको. टेम्पो उतरतात तिथे क्रेट मोजून घ्यायला ठेव. ती माणसं तोंड उघडं ठेवून बोलतात, आणि फार बोलतात."

सुपरवायझरने मास्क खाली ओढला. "मावशी, तिथं लय ऊन हाय."

"छत्री आणीन की!"

तो हसला. "उद्यापासून या मग."

परतताना मी उत्साहात बोलत सुटलो. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"त्याचं सगळं कळलं रे," ती म्हणाली. "तुझं तेवढं कळत नाही. घरी गेल्यावर आधी ती मिशी कातर."