शेवटची सोंगटी

आज ऑफिसात मी आयुष्यातला सगळ्यात सफाईदार कोड लिहिला, आणि आता घरी बसून मला भीती वाटतेय.

घोडबंदर रोडच्या एका कंपनीत आम्ही मोबाईलवरचा कॅरम बनवतो. त्यातल्या स्ट्रायकरची चाल मी बाबांचा हात बघून बसवलेली. आमच्या चाळीत त्यांना कोणी हरवू शकत नाही.

सकाळी बॉस म्हणाले, "शेवटची सोंगटी अधूनमधून थोडक्यात हुकली पाहिजे. चुटपुट लागली की माणूस जाहिरात बघून पुन्हा खेळतो. फक्त कोणाला कळता कामा नये."

कळणार नाही इतपतच मी स्ट्रायकर वळवला. खरं सांगते, मजा आली. दुपारी अपडेट सगळ्यांच्या फोनवर गेलं.

संध्याकाळी डोंबिवलीला घरी आले, तर बाबा तोच गेम खेळत होते. शेवटची सोंगटी भोकाच्या तोंडाशी थांबली. त्यांनी बोटं उघडमीट करून पाहिली.

"हात गेला गं माझा," ते म्हणाले. "रविवारच्या स्पर्धेतून माझं नाव काढायला सांग."

त्यांनी जाहिरात पूर्ण बघितली आणि पुन्हा डाव लावला.

तुमच्या घरी कोणी खेळतं का हा गेम? सोंगटी हुकली की ते कोणाला दोष देतात?