एका घडीची पत्रिका

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळोचीला माझ्या घरी लेकाचा डबा भरत होते. कळंबहून भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, ये... तात्या गेले." त्याला आता दीड महिना झाला. भेटायला येणारे वडिलांच्या उसाचं बोलतात, त्यांच्या तापट स्वभावाचं बोलतात. मला मात्र आठवतं ते बारामतीतलं पत्रिकांचं दुकान, आणि माझ्या लग्नाच्या पत्रिकेवरून आम्हा बापलेकीचं वाजलेलं.

मला पसंत पडली होती दाराची पत्रिका. मधोमध उघडणाऱ्या दोन फळ्या, त्यावर सोनेरी कडी, आत गणपती. मैत्रिणी बघतच राहणार, असं मनात धरून मी खूश! तात्यांनी ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली आणि घरच्यांची नावं कुठं येणार ते विचारलं. दुकानदार म्हणाला, निम्मी ह्या फळीवर, निम्मी त्या. झालं. तात्यांनी ती बाजूला सारली आणि वहीसारखी एकदाच दुमडलेली, सगळ्यात साधी पत्रिका उचलली. माझा पारा चढला. लग्न माझं आहे का तुमचं, असं मी दुकानदारासमोरच विचारलं. एरवी तात्यांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी हळू आवाजात म्हणाले, "त्यात आबा एका दारावर, मी दुसऱ्या. उघडली की दोघं लांब. न्हाय बाई... आमची नावं एका पानावर पायजेत. आबाचं वर, माझं खाली."

आबा म्हणजे तात्यांचे थोरले भाऊ. वाटणीत विहिरीवरून बिनसलं, आबा वरकुट्याच्या रानात राहायला गेले आणि दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. एकमेकांच्या घरचं एकही कार्य त्यांनी पाहिलं नाही. आबा माझ्याही लग्नाला येणार नाहीत, हे घरात सगळे धरूनच चालले होते. एक तात्या सोडून. पत्रिका छापून आल्या तशी पहिली देवापुढं ठेवली आणि दुसरी घेऊन ते स्वतः मोटरसायकलवर वरकुट्याला गेले. परत आले ते तोंड पाडूनच. आबांनी पत्रिका उघडलीसुद्धा नव्हती, नुसतं "ठेव तितं" म्हणाले होते. मग हळदीपर्यंत तात्यांचं कशात म्हणून लक्ष नव्हतं. मला साध्या पत्रिकेचा राग होता, पण त्यांच्याकडं बघून तोही राहिना.

अक्षता पडायच्या बेतात आबा आले आणि मांडवाच्या कडेलाच उभे राहिले. तात्या हातातलं सगळं टाकून गेले, त्यांना धरून पुढं घेऊन आले, पहिला फेटा त्यांच्याच डोक्याला बांधायला लावला. इतक्या वर्षांनी काय बोलावं माणसानं?

"जेवून जायचं, आबा."

"व्हय."

एवढंच. पण त्यानंतर इंदापूरच्या बाजाराला दोघं एकाच गाडीवर जाऊ लागले.

तात्यांच्या दहाव्याला आबा ओसरीवर बसले होते. डोळे पुसायला त्यांनी खिशातला रुमाल ओढला, तर त्याच्याबरोबर एक जाड कागद खाली पडला. मी उचलला... माझ्या लग्नाची पत्रिका. कडा मऊ पडलेल्या, आणि मधोमध आडवी आणखी एकदा दुमडलेली.

"खिशात मावंना, म्हणून मोडली," आबा म्हणाले. "पर घडी नावाच्या खालनं घातलीया. बघ."

मी उघडून पाहिलं. वर आबांचं नाव, त्याला लागून तात्यांचं, आणि मग घडीची रेघ. मला पुढचं काही दिसेना. मी ती पत्रिका त्याच घडीवर मिटली आणि आबांच्या खिशात ठेवून दिली.