सव्वाचारचा सूर्यास्त

१ ऑगस्ट २०२४ रोजी निपाणीच्या सुकुमार अण्णांचं कॅनडातलं बिऱ्हाड रिजायनाहून व्हिक्टोरियाला हललं. ट्रकभाडं सहा हजार दोनशे चाळीस डॉलर. मारुतीरावांच्या चहाच्या दुकानात बसलेल्या आम्हा सगळ्यांना अण्णांनी व्हिडिओ कॉलवर तो आकडा दोनदा सांगितला. पैसे मुलाचे होते, म्हणून आवाज चढा होता.

तंबाखूच्या वखारीत चाळीस वर्षं काढलेला हा माणूस. पान नाकाशी नेऊन प्रत सांगायचा आणि उरलेल्या जगाबद्दलही त्याच पद्धतीने मत द्यायचा. बायको गेल्यावर मुलगा अभिनंदन त्यांना रिजायनाला घेऊन गेला. सपाट प्रांत, नजर पोचेल तिथवर गहू, आणि हिवाळ्यात उणे तीस. पण अण्णांना थंडीपेक्षा जेवणाने छळलं. निपाणीच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, चातुर्मासात, मुनिमहाराजांसमोर आणि माईकसमोर त्यांनी नेम घेतला होता : सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाणी नाही, मरेपर्यंत. रिजायनात डिसेंबरात सूर्य पाचच्या आत मावळायचा. अभिनंदन आणि सून प्रिया कामावरून, नात ब्राह्मी शाळेनंतरच्या पाळणाघरातून, घरी यायला सहा वाजत. अण्णा साडेचारला एकटेच जेवून घेत. नातीच्या ताटाला ताट लावून जेवावं, एवढ्यासाठी ते इतक्या लांब आले होते.

हे त्यांनी मुलाला सांगितलं नाही. वखारवाल्यांना मागणं जमत नाही, तक्रार तेवढी जमते. "हाडं गोठत्यात रं माझी. जरा ऊबदार गाव बघ," एवढंच हिवाळाभर म्हणत राहिले. अभिनंदनही दारातला बर्फ उपसून कंटाळला होता. त्याने व्हिक्टोरियाचं नाव काढलं. समुद्रकाठ, बर्फ क्वचित, फेब्रुवारीत फुलं. अण्णांनी मनाशी ठरवून टाकलं : हवा बेळगावसारखी, म्हणजे सूर्यही बेळगावसारखाच सहाला मावळणार. नकाशा उघडला नाही, कुणाला विचारलं नाही. अभिनंदनने कमी पगाराची नोकरी आणि दोन खोल्या कमी असलेलं घर पत्करलं.

मग डिसेंबर आला. व्हिक्टोरियात सूर्य सव्वाचारला मावळू लागला. रिजायनापेक्षाही आधी.

"अण्णा, जेवण झालं का?" मारुतीरावांनी कॉलवर विचारलं.

"झालं की. चारला."

"चारला? त्या वक्ताला आम्ही च्या पितोय!"

"तुमचं बरं हाय. हितं सूर्य सरकारी नोकर हाय. चारला पिशवी उचलतोय."

"मग निपाणीच्या सूर्यावर जेवा की. नेम हितंच घेतलाय न्हवं?"

मी घड्याळांचा हिशेब करून सांगितलं की निपाणीत सूर्य मावळतो तेव्हा त्यांच्याकडे पहाटेचे साडेचार होतात. दुकानातले सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. पलीकडे ताटं वाजत होती, आणि ते दुसऱ्या खोलीत बसून आमच्याशी बोलत होते.

त्याच महिन्यात ब्राह्मीने शाळेत घरच्या जेवणाचं चित्र काढलं. आई, बाबा, ती, तिघांपुढे ताटं. आजोबा कोपऱ्यात खुर्चीवर, हात रिकामे. खाली लिहिलं : माझे आजोबा जेवत नाहीत. बाईंनी प्रियाला फोन करून हळूच विचारलं, घरातल्या वृद्धांना पुरेसं खायला मिळतं ना? बस्तीत ज्या नेमाला टाळ्या पडल्या होत्या, त्या नेमाने परदेशात सुनेवर उपाशी ठेवल्याचा संशय आणला. प्रिया घरी येऊन म्हणाली, "अण्णा, तुमचं पुण्य तुम्हाला, आणि पोलीस माझ्या दारात."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला अण्णा येऊन टेबलाशी बसले. ब्राह्मीने आपल्या चपातीतली अर्धी मोडून त्यांच्यापुढे ठेवली. अण्णांनी खाल्ली, वर भात मागितला आणि पाणीही प्यायले.

हे मला त्यांनी फोनवर सांगितलं, कॅमेरा बंद ठेवून. "म्हैनाभर ढग हाईत रं. सूर्य दिसलाच न्हाय, तर मावळला म्हणून कुणी सांगायचं?"

"मग रोज जेवणार म्हणा की पोरीसंगं."

"रोजच. मी न्हाय बसलो तर ती बी जेवत न्हाय म्हणती."

मग आवाज खाली आला. बस्तीच्या पेटीत प्रायश्चित्ताचे पाचशे एक रुपये टाक म्हणाले. गुप्तदान. बस्तीला दिलेल्या साध्या पंख्याच्या पात्यावरही नाव घालून घेणाऱ्या माणसाने मला बजावलं की नाव कुठेही येता कामा नये, आणि मारुतीरावांना तर मुळीच कळू नये.

मी त्याच सकाळी पैसे टाकले. ते पाचशे एक रुपये अण्णांकडून अजून यायचे आहेत.