गुरुजींच्या गच्चीवरची टाकी

"टाकी रिकामी करा," मी म्हणाले. गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवघरच रिकामं करायला सांगितलं होतं.

अकोल्यात नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे गच्चीवर टाकी लागतेच. पण पौरोहित्य करणाऱ्या या गुरुजींनी नैऋत्य कोपऱ्यात विटांची अशी दणदणीत टाकी बांधली होती, की आख्ख्या गल्लीच्या आंघोळी व्हाव्यात. घर पहिल्या मजल्यावर. खाली पार्किंग, म्हणजे भिंती नाहीत, नुसते कॉलम. भूकंपाचा हलका धक्का बसला आणि टाकीखालच्या भिंतीला तिरपी भेग गेली. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, कॉलम गेले, घर पाडा. घाबरलेल्या सूनबाई मुलांना घेऊन मोर्शीला माहेरी जायच्या तयारीत होत्या. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. घर ठेवायचं की पाडायचं, हे सांगायला मला अमरावतीहून बोलावलं होतं.

घर स्थिर दिसतं, पण ते कायम किंचित थरथरत असतं. ती थरथर पकडणारे सेन्सर मी गच्चीच्या कोपऱ्यांवर ठेवले. लॅपटॉपवर एक कोपरा जास्त हलत होता, दुसरा कमी. म्हणजे घराला पीळ पडत होता. दोष कॉलमचा की वरच्या ओझ्याचा? ते कळायला टाकी रिकामी हवी होती.

"मॅडम, नळ कवा येईन त्याचा काही भरोसा हाय काय? अन् भरलं पाणी सांडून देऊ?" गुरुजी म्हणाले.

"मंग घर पाडल्यावर टाकी कुठं ठेवसान?" माझाही आवाज चढला.

सूनबाई मध्ये पडल्या. "सांडता कायले बाबा? गल्लीत देऊन टाकू ना."

बादल्या, पिंपं, घागरी घेऊन गल्ली जमली. माझ्या टेस्टिंगला इतकी गर्दी कधीच झाली नव्हती.

टाकीने तळ गाठला. पुन्हा रीडिंग घेतलं. पीळ जवळपास गेला होता, घर सरळ डोलत होतं. मग काँक्रीटचा दम मोजणारं हातोडीसारखं यंत्र एकेका कॉलमवर दाबून पाहिलं. कॉलम ठणठणीत! मला इतकं हायसं वाटलं, की मी तिथेच पायरीवर बसले आणि चहा मागितला. चहाचं पाणी शेजारून आणावं लागलं.

"म्हंजे घर पाडा नाही लागत?" सूनबाईंचे डोळे भरून आले.

"घर नाही. टाकी पाडा."

"पन वास्तुशास्त्रात टाकी नैऋत्येलेच..." गुरुजी अडखळले.

"जमिनीखालची टाकी ईशान्येला चालते, हे तुमीच लोकायले सांगता ना?"

गुरुजी खळखळून हसले. "सांगतो बा, सांगतो!"

आता टाकी अंगणात, जमिनीखाली आहे. वर प्लास्टिकची एक छोटी. पार्किंगमध्ये चारही बाजूंनी काही कॉलमांच्या मधे काँक्रीटच्या भिंती भरल्या, म्हणजे धक्का एकट्या कॉलमांना सोसावा लागणार नाही. भूकंपात काहीच होणार नाही, असं घर कुणी बांधून देत नाही. पण हे आता माणसांच्या अंगावर सहजासहजी येणार नाही.

घर पाडा म्हणायला कॉन्ट्रॅक्टरला एक नजर पुरली होती. माझं म्हणणं इतकंच, पाडण्याआधी एकदा मोजून घ्या. गुरुजींचं घर टाकीभर पाण्याच्या किमतीत वाचलं.