शेळीमामांची वाटी

माझ्या सासऱ्यांना बसच्या डेपोत सगळे शेळीमामा म्हणायचे. ब्रेक दुरुस्त करणारा हा आडदांड माणूस दुपारी डबा उघडायचा आणि आत रोज पाला. पालक, मेथी, मुळ्याची पानं, काही नसलं तर कोथिंबीरच परतलेली. लोक चिडवायचे, हे मिशीतल्या मिशीत हसायचे आणि डबा चाटूनपुसून साफ करायचे. निवृत्त झाल्यावर भाजी आणायचं खातं त्यांनी स्वतःकडेच घेतलं. जुडी हातात घेतली की चेहरा असा गंभीर, की बघणाऱ्याला वाटावं हे अजून ब्रेकच तपासताहेत.

मागच्या वर्षी त्यांच्या हृदयाची झडप बदलली. घरी सोडताना रक्त पातळ करणारी गोळी दिली आणि नर्सने बजावलं, "पालेभाज्यांचं जरा सांभाळा, त्यांनी या गोळीचा परिणाम कमी होतो." सासूबाईंना 'जरा' हा प्रकार माहीतच नाही. त्या दिवसापासून घरात हिरवं पान शिरलं नाही. बाबांना नाही तर कुणालाच नाही, म्हणून आम्हीही मुकाट्याने बटाट्यावांग्यांवर आलो.

बाबा तक्रार करणाऱ्यातले नव्हेत. पण ताटात अर्धं अन्न राहायला लागलं, शर्ट खांद्यावरून ओघळायला लागले. सासूबाई रोज काहीतरी नवं रांधायच्या आणि बाबा "पोट भरलं" म्हणून उठायचे. एवढ्या मोठ्या ऑपरेशनमधून वाचलेला माणूस जेवणाच्या टेबलावर हातचा जातोय की काय, या विचाराने मी त्यांच्या ताटाकडे चोरून बघत राहायचे.

एकदा कामावरून परतताना बघते तर बाबा कोपऱ्यावरच्या भाजीवालीशेजारी पालथ्या क्रेटवर बसून मेथीच्या जुड्या बांधताहेत. मला बघून दचकले.

"खात नाही गं," ते म्हणाले. "नुसता वास घेतो."

"रोज येतात," भाजीवाली म्हणाली. "काम चोख, पण तोंडातून शब्द नाही."

घरी पाऊल ठेवताच सासूबाईंनी त्यांचा हात पकडून नाकाशी नेला. "मेथी. बाहेर जाऊन खाताय होय? माझ्या जिवाला घोर लावून?" बाबांनी नाही म्हटलं, मीही सांगून पाहिलं, पण त्या कुणाचं ऐकतात? पुढच्या तपासणीला तावातावाने बरोबर आल्या आणि डॉक्टरबाईंपुढे गाऱ्हाणं मांडलं. "तुम्हीच सांगा यांना. मी घरात एक पान शिजवत नाही आणि हे बाजारात जाऊन बसतात."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "एक पान नाही? का?"

"तुमच्याच माणसांनी सांगितलं ना."

"सांभाळायला सांगितलं असेल, बंद करायला नाही. खाऊ दे त्यांना. फक्त रोज साधारण तेवढीच. आज काही नाही आणि उद्या पातेलंभर, असं नको. वाटीभर सुरू करा. आठवड्याने रक्त तपासू, गोळीचा डोस त्याप्रमाणे बसवू."

परतीच्या वाटेवर सासूबाई कोपऱ्यावर थांबल्या, हाताला लागली ती पालकाची जुडी उचलली आणि चक्क घासाघीस न करता घेतली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात लसूण तडतडला आणि आम्ही सगळे न बोलावता टेबलाशी येऊन बसलो. बाबांनी पहिला घास डोळे मिटून खाल्ला. ताट स्वच्छ झालं, तशी वाटी हळूच पुढे सरकवली.

"अजून थोडी?"

"वाटीभर म्हणजे वाटीभर."

डेपोत साहेबांनाही न जुमानणारे बाबा "बरं" म्हणाले. मग त्यांचं लक्ष सासूबाईंच्या ताटाकडे गेलं. "तुझी कुठाय? घे ना."

त्यांनी घेतली. एक घास खाल्ला आणि हात थांबला. "मी घाबरले होते हो," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. ऑपरेशनच्या दिवशीही ही बाई रडली नव्हती. मला त्या क्षणी डॉक्टरबाईंचे, भाजीवालीचे, पातेल्यातल्या पालकाचेसुद्धा हात जोडून आभार मानावेसे वाटले. माझी दोन्ही माणसं समोर बसून जेवत होती, आणखी काय हवं होतं?

बाबांनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"उद्या मेथी कर," ते म्हणाले.

सासूबाईंनी मनगटाने डोळे पुसले. "आणि परवा?"

"परवा पुन्हा पालक."