प्रबंध ऐकणाऱ्या बाई

कराडला आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्या मशीनशेजारी मोबाइल दिवसभर मोठ्याने प्रबंध वाचत असतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने पीएचडीचे प्रबंध नेटवर सगळ्यांसाठी खुले ठेवलेत, हे मीच त्यांना एकदा दाखवलं होतं. तेव्हापासून ऊस, विहिरी, लेझीम, काहीही त्या ऐकतात. गिऱ्हाईक आलं तरी हात वर करतात. "थांबा वो, निष्कर्ष चाललाय."

परवा मात्र गोधड्यांवरचा प्रबंध ऐकताना त्यांनी मशीन थांबवलं. त्यात एका म्हातारीने सांगितलं होतं, की सुई ओवताना हल्ली दिसत नाही, पण सुनेला अजून सांगितलं नाही.

"पुढं काय झालं वो तिचं?" त्या मला विचारत राहिल्या. पुढे तर नुसते तक्ते होते.

शेवटी मला घेऊन त्या उंब्रजला गेल्या. प्रबंध लिहिणारी बाई तिथे शाळेत शिकवते, एवढा शोध त्यांनीच लावला होता. तिला खरंच वाटेना. "माझा प्रबंध वाचला तुम्ही?"

"ऐकला. लय चांगला हाय. पर त्या म्हातारीला आता दिसतंय का न्हाई?"

तिचा चेहरा उतरला. "मी परत गेलेच नाही हो. कडेगावला राहतात त्या."

"मग गाडी कवा हाय कडेगावची?" बाईंनी पिशवी उचलली.

आम्ही उठेपर्यंत ती चपला घालून दारात उभी होती.