पोत्यावर मांडलेली भाकरी

थर्माकोल दिसलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शिरूर कासारकडच्या एका खेड्यातल्या शाळेत मी पाचवीला परिसर अभ्यास शिकवते. त्या वर्षी पोरांना सांगितलं होतं, घरात रोज होणारी एक गोष्ट घ्या आणि ती कुठून कुठून येते ते मागं मागं शोधत जा, पार मातीपर्यंत. त्याचंच शाळेत प्रदर्शन भरणार होतं. पहिला नंबर तालुक्याला जाणार होता.

वर्गातल्या एका पोरीनं भाकरी घेतली. तिचे आईबाप दर साली ऊसतोडीला जायचे. दसरा झाला होता, टोळ्या निघायच्या बेतात होत्या. बाप शाळेत येऊन सांगून गेला, "बाई, तालुक्याला जायचा नंबर लागला तर ठिवतो हिला मावशीपाशी. न्हाईतर येऊ द्या आमच्यासंगं, बारक्याला सांभाळायला कुणी न्हाई." पोरगी जीव तोडून कामाला लागली.

प्रदर्शनाला तिनं पोतं अंथरलं. मधोमध भाकरी. भोवती ज्वारीचं कणीस, काळ्या मातीचं ढेकूळ, चुलीत घालायची गोवरी न् तुराट्या, विहिरीच्या पाण्याची बाटली. एका डबीत चक्क गांडूळ! गांडूळ माती भुसभुशीत करतं, असं मी वर्गात कधीतरी बोलून गेले होते, ते तिनं बरोबर ध्यानात ठेवलं होतं. लई कौतुक वाटलं मला.

शेजारी होतं दुसऱ्या एका पोराचं थर्माकोलचं गाव. बीडच्या दुकानातून तयार आणलेलं. निळी नदी, लुकलुकणारे दिवे, मोटरीवर उडणारं कारंजं आणि वर पाटी, 'पाणी वाचवा'. त्या कारंज्यात पोरांच्या प्यायच्या माठातलं पाणी ओतलं होतं आणि ते सगळं व्हरांड्यात सांडत होतं. काय बोलायचं आता!

परीक्षक म्हणून आलेले साहेब कारंज्यापुढं उभं राहून फोटो काढून घेत होते. मग पोत्यापाशी आले आणि गोवरी बघून नाकाला रुमाल लावला.

"बाई, हा काय उकिरडा मांडलाय? प्रोजेक्ट कुठंय?"

"हाच प्रोजेक्ट, साहेब. आपण सकाळी खातो ती भाकरी कशाकशाच्या जिवावर होते, ते मांडलंय. तिला विचारा तरी."

"डेकोरेशन पाहिजे हो थोडं. वर दाखवायचं असतं."

"मग त्या दुकानदारालाच द्या की नंबर!"

मुख्याध्यापकांनी मला बाजूला ओढलं. "जाऊ द्या, बाई." जाऊ द्या! हे ऐकून ऐकून कान किटलेत माझे. निसर्ग शिकवायचा, पण त्याचा वास आलेला चालत नाही यांना. साहेब त्या पोरीशी एक अक्षर बोलले नाहीत. पहिला नंबर थर्माकोलला दिला आणि निघून गेले.

टोळी निघाली त्या सकाळी मी धावत ट्रॅक्टरपाशी गेले.

"ठेवा हो तिला," मी बापाला म्हणाले. "सगळ्यात चांगलं काम तिचंच होतं. तिचं काहीच चुकलं नाही."

"मग नंबर कावून न्हाई आला?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. "साहेब लोक शिकलेले हायत, बाई. त्यांनी बघूनच दिला असंल ना."

त्यानं पोरीला ट्रॉलीत चढवलं आणि बारक्याला तिच्या मांडीवर दिलं.

"अहो, त्यांनी बघितलंच नाही!" मी ओरडले.

ट्रॅक्टर सुरू झाला होता, बापाला काही ऐकू गेलं नाही. पोरीला गेलं. तिनं मान खाली घातली.